आतड्याचा कुठला भाग काढला? शस्त्रक्रियेनंतरच्या जीवनसत्त्वांविषयी प्रश्नोत्तरे

क्रोन्ससारख्या (आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या) जुनाट आजारासाठी आतड्याचा काही भाग काढल्यानंतर जीवनसत्त्वांचं काय करायचं, यावरचे काही प्रश्न इथे घेतले आहेत. आधी एक काम करा. शस्त्रक्रियेच्या कागदांतली ऑपरेशन नोट शोधा. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. लहान आतड्याचा कुठला भाग आणि किती सेंटिमीटर काढला, किती उरलं, आणि मोठं आतडं अजून जोडलेलं आहे का, या गोष्टी त्यात असतात. तुमच्यात कशाची कमतरता होणार, हे बहुतांशी त्यांवरच ठरतं. नोट सापडत नसेल तर रुग्णालयाकडून प्रत मागून घ्या.

प्रश्न: लहान आतड्याचा शेवटचा 45 सेंटिमीटर भाग काढून तीन वर्षं झाली. बी-12 240 आलं. लॅबच्या मर्यादेत बसतं म्हणून औषध दिलं नाही. हल्ली तळपायांना मुंग्या येतात. आणखी थोडी वाट पाहू का?

नको. बी-12 शोषून घेणारी जागा म्हणजे लहान आतड्याचा अगदी शेवटचा भाग, टर्मिनल इलियम. दुसरा कुठलाच भाग ते काम अंगावर घेत नाही. हा भाग 20 सेंटिमीटरपेक्षा कमी काढला असेल तर बहुतेकांचं निभावतं. 60 च्या वर गेला तर जवळजवळ सगळ्यांना जन्मभर बी-12 घ्यावं लागतं. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, आणि उरलेल्या टोकाला पुन्हा सूज असेल तर तेही नीट शोषणार नाही.

तीन वर्षं काही जाणवलं नाही याचं कारण यकृत. शरीरात 2 ते 5 मिलिग्रॅमचा साठा असतो, त्यातला बराचसा तिथेच, आणि दिवसाची गरज फक्त 2.4 मायक्रोग्रॅम. त्यामुळे साठा संपायला वर्षं जातात, आणि तोवर शस्त्रक्रियेशी असलेला संबंध सगळेच विसरलेले असतात.

240 पिकोग्रॅम हा आकडा काठावरचा आहे. या तपासणीत मोजलं जाणारं बरंचसं बी-12 पेशींना वापरताच येत नाही, म्हणून काठावरच्या आकड्यावर विसंबू नये. मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासा. ते वाढलेलं असेल तर पेशींना बी-12 कमी पडतंय. (मूत्रपिंड कमजोर असेल तरी ते वाढतं, म्हणून क्रिॲटिनिनही पाहा.) मात्र मुंग्या सुरू झाल्या असतील तर तपासणीसाठी रक्त देऊन लगेच बी-12 चं इंजेक्शन सुरू करावं, अहवालासाठी थांबू नये. डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो का, अंधारात चालताना पाय चाचपडतात का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मज्जारज्जूचा मागचा भाग बिघडू लागला की आधी हेच दिसतं, आणि उशीर झाला तर ते पुरतं भरून येत नाही.

मज्जातंतूंची लक्षणं असताना हायड्रॉक्सोकोबालामिन (बी-12 चा इंजेक्शनमधला एक प्रकार) 1000 मायक्रोग्रॅम एक दिवसाआड, सुधारणा होत राहील तोवर, आणि पुढे दर दोन महिन्यांनी, अशी पद्धत आहे. सायनोकोबालामिन हा बी-12 चा दुसरा प्रकार शरीरातून लवकर बाहेर पडतो, म्हणून तो दर महिन्याला लागतो. या काळात एकट्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी हिमोग्लोबिन सुधारतं, अहवाल चांगला दिसतो, आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

प्रश्न: दर महिन्याच्या बी-12 इंजेक्शनचा कंटाळा आला आहे. गोळी चालेल का?

अनेकांना चालते, पण मोठ्या मात्रेची. टर्मिनल इलियम नसलं तरी बी-12 चा साधारण एक टक्का आतड्याच्या भिंतीतून नुसता झिरपतो. 1000 मायक्रोग्रॅमच्या गोळीतून असे 10 मायक्रोग्रॅम मिळतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. मल्टिव्हिटॅमिनमधल्या पाच-दहा मायक्रोग्रॅमनी हे साधत नाही. रोज 1000 ते 2000 घ्या आणि तीन महिन्यांनी तपासा. मुंग्या, बधिरपणा किंवा तोल जाणं असेल, किंवा गोळ्या चुकण्याची सवय असेल, तर इंजेक्शनच बरं.

प्रश्न: इलिओस्टोमी आहे, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर काढून पिशवी लावली आहे. पिशवीत गोळ्या जशाच्या तशा दिसतात. म्हणजे औषध वायाच जातंय ना?

नेहमीच नाही. पिशवीत आलेली गोळी हातमोजा घालून चिमटीत दाबून बघा. दीर्घकाळ झिरपणाऱ्या काही गोळ्यांचं औषध आत उतरतं आणि रिकामं टरफल तेवढं बाहेर येतं; ते दाबलं की चपटं होतं. गोळी टणक आणि अखंड असेल तर मात्र औषध मिळालेलं नाही. आवरण असलेल्या आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांना विरघळायला जेवढं आतडं लागतं तेवढं तुमच्याकडे नाही. त्या कुटून घेऊ नका. साध्या, चघळायच्या किंवा पातळ स्वरूपात बदलून मागा.

पिशवीतला दिवसाचा स्राव दीड लिटरच्या वर असेल तर जीवनसत्त्वांच्या आधी मीठ-पाण्याकडे बघायला हवं. तहान लागते म्हणून साधं पाणी पीत राहिलं की आतडं त्यात आपलं सोडियम ओततं आणि स्राव आणखी वाढतो. साध्या पाण्याला आवर घाला आणि एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा, असं द्रावण दिवसभर घोटाघोटाने घ्या. मापं वजनकाट्यावर घ्या, चमच्याच्या अंदाजाने नकोत. उच्च रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

पायात गोळे येत असतील तर मॅग्नेशियम तपासा. ते कमी असताना कॅल्शियमही वर येत नाही, कारण पॅराथायरॉईडचं संप्रेरकच पुरेसं सुटत नाही. आणि शरीर सोडियमला भुकेलेलं असेल तर मूत्रपिंड ते वाचवताना मॅग्नेशियम बाहेर टाकतं. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी मीठ-पाणी, मग मॅग्नेशियम, शेवटी कॅल्शियम. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी जुलाब वाढू शकतात. त्या रात्री झोपताना घ्याव्यात, तेव्हा आतडं संथ असतं.

प्रश्न: व्हिटॅमिन डीचा मोठा डोस आठवड्याला घेते, तरी 14 नॅनोग्रॅमच्या वर जात नाही. जुलाबासाठी कोलेस्टिरामिनही चालू आहे.

ते कोलेस्टिरामिनच कारण असू शकतं. ते पित्ताम्लांना (पित्तातल्या चरबी पचवणाऱ्या आम्लांना) धरून ठेवतं, आणि डी, ए, ई, के ही चारही जीवनसत्त्वं पित्ताशिवाय शोषली जात नाहीत. डी कोलेस्टिरामिनच्या आधी किमान एक तास किंवा नंतर चार ते सहा तासांनी घ्या, आणि स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घ्या. थायरॉईडच्या गोळीसारख्या इतर औषधांनाही हेच अंतर लागतं.

पण मूळ प्रश्न वेगळा आहे: तुमचं इलियम, म्हणजे लहान आतड्याचा शेवटाकडचा भाग, किती काढलं? 100 सेंटिमीटरपेक्षा कमी गेलं असेल तर न शोषलेली पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरून जुलाब करतात, आणि तिथे कोलेस्टिरामिन उपयोगी पडतं. त्याहून जास्त गेलं असेल तर पित्ताम्लं घडवता घडवता यकृतच मागे पडतं. शौच तेलकट, दुर्गंधीचं, पाण्यावर तरंगणारं होतं. अशा वेळी कोलेस्टिरामिनने उरलंसुरलं पित्तही जातं आणि सगळं बिघडतं. ऑपरेशन नोट घेऊन डॉक्टरांशी हेच बोला. डी कमी असेल तर ए आणि ई तपासा, आणि के साठी प्रोथ्रोम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ). हिरड्यांतून रक्त येणं किंवा अंगावर सहज निळे डाग उठणं याकडे दुर्लक्ष करू नका.

प्रश्न: क्रोन्सच्या शस्त्रक्रियेनंतर दोनदा मुतखडा झाला. म्हणून कॅल्शियम बंद केलं आणि प्रतिकारशक्तीसाठी व्हिटॅमिन सी 1000 मिलिग्रॅम रोज घेतो. बरोबर आहे का?

दोन्ही उलटं झालं आहे. एरवी अन्नातलं ऑक्सॅलेट (पालकासारख्या पदार्थांतलं, खडे करणारं द्रव्य) आतड्यातच कॅल्शियमला चिकटतं आणि शौचावाटे जातं. चरबी शोषली जात नसली की तीच कॅल्शियम अडवून ठेवते. मोकळं राहिलेलं ऑक्सॅलेट मोठ्या आतड्यातून रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं, आणि तिथे खडे होतात. मोठं आतडं जोडलेलं असलेल्यांनाच हा धोका असतो; इलिओस्टोमीवाल्यांना तो नसतो.

म्हणजे तुम्हाला कॅल्शियम हवंच आहे, आणि ते जेवणाबरोबर. उपाशीपोटी घेतलं तर ऑक्सॅलेटला धरायला ते तिथे नसतं. कॅल्शियम सायट्रेट चांगलं, कारण सायट्रेट खडे होण्याला आडकाठी करतं. व्हिटॅमिन सीचा मोठा डोस मात्र आजच बंद करा, कारण शरीर त्याचा काही भाग ऑक्सॅलेटमध्येच बदलतं. पालक, बीट आणि सुकामेवा कमी करा. लघवी दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर व्हायला हवी.

प्रश्न: बी-12 नियमित घेऊनही हातापायांचा बधिरपणा वाढतोय. केस गळतात म्हणून वर्षभर झिंक घेत आहे.

तांब्याची पातळी तपासा. जास्त झिंक आतड्याच्या पेशींत तांबं अडकवून ठेवतं. त्या पेशी झडल्या की तेही बाहेर. तांबं कमी पडलं की रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात आणि मज्जारज्जूचं नेमकं बी-12 सारखंच दुखणं होतं. सतत जुलाब असणाऱ्यांना झिंक खरंच लागतं, पण ठराविक आठवड्यांसाठी, तपासून. आणि केसांच्या गोळ्यांत बायोटिन असेल तर रक्ततपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, कारण त्याने थायरॉईडसारखे काही अहवाल चुकीचे येतात.

प्रश्न: कुठल्या तपासण्या, किती दिवसांनी?

पहिल्या वर्षी साधारण तीन ते सहा महिन्यांनी, सगळं स्थिर झाल्यावर वर्षातून एकदा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12, फोलेट (फॉलिक ॲसिडचं जीवनसत्त्व), डी, मॅग्नेशियम, आणि त्याच दिवशी सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी रक्ततपासणी. सीआरपी यासाठी की सूज असताना फेरिटिन खोटं वर जातं. सूज नसेल तर 30 च्या खाली लोह कमी समजतात. सूज असेल तर 100 पर्यंतही कमतरता असू शकते. झिंक आणि व्हिटॅमिन ए सूज असताना उलट खोटे कमी दिसतात. फोलेट भरपूर आणि बी-12 कमी असं एकत्र दिसलं तर लहान आतड्यात जिवाणू वाढले असण्याची शंका घ्या. ते बी-12 खातात आणि फोलेट बनवतात. लहान-मोठ्या आतड्यांमधली झडप काढलेल्यांत हे जास्त दिसतं.

एका बाबतीत मात्र तपासणीची वाट पाहायची नाही. दोन-तीन आठवडे उलट्या होत असतील किंवा जेवण जवळजवळ बंद असेल तर थायमिनचा, म्हणजे बी-1 चा साठा संपत आलेला असतो. एकाचे दोन दिसणं, डोळे थरथरणं, चाल डगमगणं, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. आणि तिथे ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आत सांगा: आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे, इतके दिवस पोटात काही नाही, आधी थायमिन द्या.