बरीच वर्षं पडून असलेलं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) पुन्हा चालू होईल का? सुरुवात कुठून करावी?

बहुतेक वेळा होतं, पण लगेच दोरी ओढायला जाऊ नका. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) सोडा आणि फ्लायव्हील (इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक) हाताने फिरवून बघा. फिरलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. दोन सिलिंडरांत मोठा फरक आला तर आधी पिस्टनच्या रिंगांचा खर्च धरा, रंगरंगोटी नंतर.

खालच्या गिअरकेसमधलं ऑइल दुधाळ निघालं तर सील जाऊन पाणी आत शिरलंय. थंडाव्याच्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) चांगला दिसला तरी बदलाच, पडून राहून रबर कडक होतं. कार्बोरेटर खोलून जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) साफ करा, जुनं पेट्रोल फेकून द्या.

खरा छळ बोल्टांचा. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या मशीनचे स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या बॉडीत जाम बसतात. जोर लावलात की डोकं तुटलंच. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग बाजूची बॉडी जपून गरम करा (पेट्रोलची टाकी लांब!).

पहिल्यांदा चालू करताना मशीनचा खालचा भाग पिंपात ठेवा, त्यात पंप बुडेल इतकं पाणी हवं. थंडाव्याच्या पाण्याची धार बाहेर पडत नसेल तर लगेच बंद करा.