रडार सक्तीचं नव्हतं, मान्य. पण बसवलेलं होतं ना?

धुक्याचा मोसम सरला की तुमच्यासारखी पत्रं येऊ लागतात. दाट धुक्यात इंजिनच्या बोटीशी टक्कर, डोलकाठी मोडलेली, आणि समोरची विमा कंपनी पैसे द्यायला तयार नाही. तुमचं म्हणणं असं की, अकरा मीटरच्या हौशी नौकेला रडार सक्तीचं नाही आणि शिडाच्या नौकेला वाट देणं इंजिनवाल्याचं काम.

पहिला मुद्दा खरा आहे, पण कामाचा नाही. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियम रडार विकत घ्या म्हणत नाही. ते 'बसवलेलं आणि चालू स्थितीत' असेल तर नीट वापरा, एवढंच तो सांगतो. तुमचं प्रकरण या शब्दांवरच अडलंय. आणि तुम्ही वकिलाला न विचारता विमा कंपनीला कळवून टाकलंत: "रडार उत्तम चालतं, फक्त बॅटरी वाचवायला बंद ठेवलं होतं." अहो, समोरच्याला जे सिद्ध करावं लागलं असतं, ते तुम्हीच सहीनिशी लिहून दिलंत! बटण बंद होतं म्हणजे यंत्र नादुरुस्त होतं, असा अर्थ कुठलं न्यायालय लावेल, असं मला वाटत नाही. एक फट उरते. बॅटरी खरोखरच इतकी उतरली होती का, की रडार लावलं असतं तर नौकेचे दिवे गेले असते? त्या रात्रीचा व्होल्टेज लॉगबुकात लिहिला असेल तर बोलता येईल. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीचा उपयोग नाही.

वाटेच्या हक्काचं सोडून द्या. अठरावा नियम नौका एकमेकींना दिसत असतील तेव्हाचा. धुक्यात एकोणिसावा लागू होतो, आणि तो शीड-इंजिन असा भेद करत नाही.

तरी सगळा दोष तुमच्यावर येईलच असं नाही. त्या बोटीवरही रडार होतं का, पहाऱ्याला कोणी होतं का, भोंगा वाजत होता का, हे विचारावं लागेल. तुम्हीही दर दोन मिनिटांच्या आत भोंगा (एक लांब, दोन आखूड) किंवा, बारा मीटरच्या आतल्या नौकेला चालतो तसा, दुसरा परिणामकारक आवाज करत होतात का, हेही ते विचारतील. दोष वाटून घेतला जातो; तुमच्या वाट्याला किती येईल, ते इथून सांगता येणार नाही.

आता खरी घाई. टक्कर होऊन एकवीस महिने झाले, असं तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय. १९१० च्या टक्करविषयक करारानुसार, आणि त्याच धर्तीच्या अनेक देशांच्या कायद्यांत, दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं असते. विमा कंपनीशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ती आपोआप थांबत नाही. मुदतवाढ मागता येते का, हे तुमच्या देशाच्या कायद्यावर आहे. त्या भरवशावर राहू नका. सागरी प्रकरणं पाहणाऱ्या वकिलाकडे याच आठवड्यात जा, लॉगबुकाची मूळ प्रत घेऊन. आणि कृपा करून त्याआधी विमा कंपनीला आणखी एक खुलासा पाठवू नका.