प्लॅटिनम-निकेल करताय? आधी निकेल धुऊन काढा

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलमधलं प्लॅटिनम कमी करायला प्लॅटिनम-निकेलचे नॅनोकण घेऊ का, आणि पहिल्याच चाचणीत अ‍ॅक्टिव्हिटी (तेवढ्याच प्लॅटिनमवर प्रक्रियेचा वेग) चौपट आलीय तर प्रकल्प झाला का, असं तुम्ही विचारलंय. घ्या जरूर. पण प्रकल्प झालेला नाही.

प्लॅटिनम खातो तो कॅथोड, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूचा इलेक्ट्रोड. हायड्रोजनचं काम चिमूटभरात भागतं, ऑक्सिजनचं पाणी व्हायला मात्र फार वेळ लागतो. त्यात ३ नॅनोमीटरच्या कणातले जेमतेम एक तृतीयांश अणू पृष्ठभागावर, बाकीचे आत नुसते बसून. म्हणून चांदीवर सोन्याचा मुलामा चढवावा तसं आत निकेल, वर प्लॅटिनम. निकेलमुळे वरचं प्लॅटिनम ऑक्सिजनला जरा सैल धरतं, म्हणून वेगही वाढतो. २००७ मध्ये स्टामेन्कोविच-मार्कोविच यांच्या गटाने एकस्फटिकावर शुद्ध प्लॅटिनमच्या दहापट वेग दाखवला, तेव्हापासून सगळे यामागे आहेत.

गोम अशी की आम्लात निकेल विरघळतं आणि मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पडद्यात, जाऊन प्रोटॉनची जागा अडवतं. आमची पहिली खेप आम्ही आम्लात न धुता वापरली. आलेख देखणा होता. व्होल्टेज वर-खाली करण्याच्या ५,००० सायकलनंतर वेग साध्या प्लॅटिनमइतकाच उरला. पुढची खेप रात्रभर आम्लात ठेवली, तर सकाळी वरच्या पाण्याला हिरवी झाक! ते सगळं निकेल मेम्ब्रेनमध्ये गेलं असतं. तेव्हा ०.६ ते ०.९५ व्होल्टमध्ये ३०,००० सायकल करा आणि नंतरचाच आकडा सांगा. अमेरिकी ऊर्जा खात्याची कसोटी तीच आहे: सुरुवातीला ०.९ व्होल्टला प्लॅटिनमच्या मिलिग्रॅममागे ०.४४ अँपिअर, आणि शेवटी घट ४० टक्क्यांच्या आत.

चाचणीच्या इलेक्ट्रोडवर नॅनोकणांच्या पावडरीच्या शाईचा थेंब वाळताना बघत बसा. जुलैत मुंबईच्या दमट हवेत तो तासभर वाळत नाही, माल कडेला सरकून कडं तयार होतं आणि आकडा फसवा येतो. शाई करताना पावडरवर आधी पाणी, मगच आयसोप्रोपिल अल्कोहोल. कोरड्या पावडरवर अल्कोहोल पडलं तर पेट घेते.

एक चाचणी किंचित क्लोराइड घालूनही करा. समुद्राकाठची हवा खारी, आणि क्लोराइडमुळे प्लॅटिनम लवकर झिजतं.

वापरलेले फिल्टर पेपर, टिश्यू फेकू नका. झवेरी बाजारातली धूळ गाळून सोनं काढणारे झारेकरी तुम्ही पाहिले असतील. तसंच यातलं प्लॅटिनम परत काढायला एक डबा प्रयोगशाळेत ठेवा.