जपानची हिवाळी सहल : मुदत ठेव मोडावी की कर्ज काढावे?

सप्रेम नमस्कार,

येत्या जानेवारीत पत्नीसह शिराकावा-गो हे जुन्या घरांचे गाव आणि ओकुहिदा हा गरम झऱ्यांचा डोंगराळ भाग पाहावा, तीन रात्री रयोकानमध्ये (पारंपरिक जपानी निवासात) राहावे, आणि त्यासाठी लागणारे 4,80,000 रुपये 6,00,000 च्या मुदत ठेवीतून घ्यावेत किंवा 3,00,000 चे वैयक्तिक कर्ज काढावे, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे : सहल अवश्य करावी, पण या हिवाळ्यात नाही.

आपला मासिक घरखर्च 60,000 रुपये असल्याने सहा महिन्यांची शिल्लक म्हणून 3,60,000 बाजूला ठेवावे लागतात आणि मुलीच्या प्रवेशासाठी जूनमध्ये 2,50,000 हवे आहेत. म्हणजे ठेवीत सहलीसाठी काहीच उरत नाही, उलट 10,000 कमी पडतात. कर्ज 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे 10,100 रुपयांचा येईल आणि व्याजापोटी जवळपास 64,000 जातील, जे ओकुहिदातल्या जवळजवळ दोन रात्रींच्या भाड्याइतके आहेत.

आपण दरमहा 28,000 शिल्लक टाकता. तीच रक्कम आवर्ती ठेवीत घातल्यास येत्या जानेवारीनंतरच्या जानेवारीअखेर, म्हणजे 14 महिन्यांत, व्याज सोडून 3,92,000 जमतील. राहिलेले 88,000 खर्चातून कमी करता येतील, आणि येथे रयोकानच्या दराकडे नीट पाहायला हवे. हा दर खोलीचा नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचे व सकाळचे जेवण धरलेले असते. आपल्याला सांगितलेला दर माणशी 30,000 येन आहे. येन 60 पैशांचा धरला तर दोघांची एक रात्र 36,000 रुपयांची होते. या पैशांतला मोठा वाटा कैसेकी या अनेक पदार्थांच्या पारंपरिक भोजनाचा असतो, आणि आपल्या पत्नी शाकाहारी आहेत. त्या जेवणात भाजीचा रस्साही बहुधा बोनिटो माशाच्या दाशीवर (अर्कावर) शिजतो, तेव्हा तीन रात्री न खाल्लेल्या ताटाचे पैसे देणे मला पटत नाही. बर्फातल्या गरम झऱ्यासाठी ओकुहिदात एक रात्र ठेवा, आरक्षण करतानाच आहाराची लेखी कल्पना द्या, आणि दुसरी रात्र कोयासान या डोंगरावरील बौद्ध तीर्थस्थानी एखाद्या मंदिरातील शुकुबोमध्ये (यात्रेकरूंच्या निवासात) काढा, जिथे शोजिन र्योरी हे शाकाहारी भोजनच वाढले जाते. तिसरी रात्र साध्या हॉटेलात जाऊ द्या.

सात दिवसांचा रेल्वे पासही पुन्हा तपासून घ्या. ऑक्टोबर 2023 मध्ये तो 29,650 वरून 50,000 येनवर गेला, आणि ताकायामा शहरातून शिराकावा-गोला जाणारी बस त्यात येत नाही. त्यामुळे दहाऐवजी आठ दिवसांच्या सहलीत सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतील. मुक्काम 29 डिसेंबर ते 3 जानेवारी या काळात धरू नका, कारण नववर्षात दर चढतात. शिराकावा-गोची रोषणाई जानेवारी-फेब्रुवारीतल्या मोजक्याच संध्याकाळी होते आणि तिला पूर्वनोंदणीशिवाय प्रवेश नाही, म्हणून आधी ती तारीख निश्चित करा, मगच विमानाचे तिकीट काढा.

सहल कंपनीच्या पॅकेजने गेलात तर त्यावर टीसीएस (पैसे भरतानाच गोळा केला जाणारा आयकर) आकारला जाईल. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात, म्हणून तेवढी रक्कम वेगळी ठेवा. रयोकान ऐनवेळी रद्द केल्यास अनेकदा पूर्ण भाडे आकारतात, तेव्हा प्रवेशाचे शुल्क भरून झाल्यावरच, जुलैमध्ये, आरक्षणाला हात घाला.