शब्द फोडून अर्थ काढायचा तो कसा?

प्रश्न : दहावीच्या मुलीला उपसर्ग पाठ आहेत, तरी नवा शब्द दिसला की अडते. काय चुकतंय?

उत्तर : ती पुढून फोडत असणार. आधी मागचा धातू शोधायचा. ‘अधीक्षक’ घ्या. शेवटचा ‘अक’ म्हणजे करणारा, तो काढा. ‘अधीक्ष्’ उरतं. त्यात ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणे. राहिला ‘अधि’, म्हणजे वर. वरून पाहणारा, देखरेख ठेवणारा! संधीमुळे ‘अधि’चा इ आणि ‘ईक्ष्’चा ई मिळून एकच ई झाला, म्हणून ‘धी’ दीर्घ. हाच धातू परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण यांत सापडतो. शुद्धलेखनही आपोआप सुटतं : ‘परीक्षा’त री दीर्घ, ‘परिश्रम’मध्ये रि ऱ्हस्व, कारण तिथे पुढे ई नाही.

फसगत कुठे होते? ‘उप’ म्हणजे जवळ, पण ‘उपेक्षा’ म्हणजे दुर्लक्ष. रूढ अर्थ फोडीपासून दूर गेलेला असतो. म्हणून काढलेला अर्थ वाक्यात घालून पाहावा, बसला नाही तर सरळ कोश उघडावा. फारसी ‘बे’चंही तेच. बेजबाबदार, बेशिस्त ठीक. ‘बेगम’मध्ये मात्र गम शोधू नये.