उपाशीपोटी सिंहगड

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्याच रस्त्यांवरून गेली आणि तेव्हापासून माझ्या टपालात सायकलवाल्या मुलामुलींच्या पालकांची पत्रं वाढली आहेत. आनंदच आहे. पण विचारणा फिरून फिरून तीच, म्हणून काही पत्रांना इथे एकत्रच उत्तरं देते. पत्रातून तपासणी होत नाही, एवढं लक्षात ठेवून वाचावं.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे. त्याला रोड रेसिंगमध्येच करिअर करायचंय. ओळखीचे म्हणतात, आठव्या-नवव्या वर्षी सुरुवात करायला हवी होती. उशीर झाला का?

नाही. आजचा नामवंत सायकलपटू प्रिमोझ रोग्लिच आधी स्की जंपिंग करायचा, सायकल रेसिंगकडे विशी उलटल्यावर वळला. रेम्को एव्हेनपूल १७ वर्षांचा होईपर्यंत फुटबॉल खेळत होता आणि २०१८ मध्ये ज्युनियर जगज्जेता झाला. ओळखीच्यांना हे सांगा. रेसिंगचा सराव सुरू करण्याआधी मात्र डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल किंवा मुलाला व्यायाम करताना कधी चक्कर आली असेल, तर ती लपवायची गोष्ट नाही.

प्रश्न : उंचीवरच्या सरावासाठी मुलीला महिनाभर महाबळेश्वरला ठेवावं का? एक कॅम्पवाले तसं सांगतात.

हवा छान आहे, स्ट्रॉबेरीही. रक्तातल्या लाल पेशी वाढायला साधारण १८०० ते २५०० मीटर उंची लागते. महाबळेश्वर १४०० च्या आतबाहेर आहे. पैसे वाचवा.

प्रश्न : मुलाच्या (वय १४) गुडघ्याखाली पुढच्या बाजूला दुखतं, टेंगूळही आलंय. सायकल नवी कार्बनची आहे, मुद्दाम थोडी मोठी घेतली. दुकानदाराने नी-कॅप आणि जेल दिलं, दोन महिने वापरतोय.

शर्ट वाढत्या अंगाचा घेतात, सायकल नाही. मोठ्या फ्रेमवर मूल हँडलपर्यंत पोचायला ताणलं जातं, मग कुणीतरी सीट पुढे सरकवतं, खाली करतं आणि सगळा भार गुडघ्याच्या पुढच्या भागावर येतो. त्यात भराभर उंची वाढण्याच्या वयात मांडीच्या स्नायूची शीर नडगीच्या हाडाला जिथे चिकटते तिथेच ओढ बसते. टेंगूळ बहुधा त्याचंच असेल, पण 'बहुधा' हा शब्द मी जपून वापरते आहे. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज किंवा ताप असेल तर थांबू नका; नसेल तरी या आठवड्यात ऑर्थोपेडिक किंवा स्पोर्ट्स मेडिसिनवाल्याला दाखवा. तोवर जड गिअर आणि घाट बंद. दुकानदार सायकल विकतो, निदान नाही.

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची. पाच महिन्यांत वजन ५३ वरून ४६ किलो झालं. पहाटे काळी कॉफी घेऊन उपाशीपोटी सिंहगड मारते. आल्यावर दोन अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी अर्धी भाकरी-भाजी, रात्री सूप. आधी घाटाचा वेळ कमी झाला, पण गेले दोन महिने जैसे थे. चार महिने पाळी नाही. कोच म्हणतात, रेसर मुलींचं असंच असतं. पाळी यायची गोळी द्यावी का?

गोळी देऊ नका. आणि कोचना सांगा, असं नसतं.

वॉट्स पर किलो, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे पायांची ताकद, हा आकडा आता शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. वॉट हा अंश, किलो हा छेद. छेद कमी करायला उपाशी राहिलं की पुरतं, अंश वाढवायला जेवावं लागतं. म्हणून पहिले काही आठवडे गुणोत्तर सुधारतं, स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या अॅपवर कौतुक होतं. मग स्नायू आटायला लागतात, अंशही घसरतो आणि वेळ जागच्या जागी अडकतो. तुमच्या पत्रातले 'गेले दोन महिने' ते हेच.

खर्च भागत नसला की शरीर आधी लांबणीवर टाकता येतील ती कामं थांबवतं : पाळी, उंची, हाडांची भर, आजाराशी लढणं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड्स' असं नाव दिलं, म्हणजे खेळातली ऊर्जेची तूट, आणि ती मुलग्यांनाही होते हे स्पष्ट केलं. मुलग्यांत पाळीसारखी उघड खूण नसते, म्हणून ते आणखी उशिरा सापडतात : सतत सर्दी, चिडचिड, पाय जड, सकाळी लिंगाला येणारी ताठरता बंद. आया हे विचारत नाहीत, वडील लाजतात.

मला सगळ्यात जास्त काळजी हाडांची. आयुष्यभर पुरवायच्या हाडांचा मोठा हिस्सा विशीच्या आत तयार होतो. धावणाऱ्या मुलीच्या हाडांना निदान पावलागणिक दणका मिळतो. सायकलवर बसलेलीला तोही नाही. म्हणून नीट जेवणाऱ्या रोड रेसरांचीही हाडं पुष्कळदा पातळ निघतात. उपाशी राहणारीचं काय होत असेल? आणि या खेळात पडणं चुकत नाही.

पाळीच्या गोळीने रक्तस्राव होतो, तूट तशीच राहते. घरच्यांना वाटतं गाडी रुळावर आली, आणि आणखी सहा महिने जातात.

तीन महिने पाळी नाही म्हणजे तपासणी, रेस सीझन संपल्यावर नाही, याच आठवड्यात. स्त्रीरोगतज्ज्ञ पहिली चाचणी गरोदरपणाची सांगतील. रागावू नका, तो नियम आहे. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, गरज पडली तर हाडांचा डेक्सा स्कॅन. सोबत खेळाडूंचा आहारतज्ज्ञ. ती ताटातलं लपवत असेल, दिवसातून चारदा काट्यावर उभी राहत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञही, आणि तेही लगेच. तोवर घाट बंद. निघण्यापूर्वी गूळ-पोळी किंवा केळं हवंच. पुढे परवानगी मिळाल्यावर तास-दीड तासापेक्षा लांब राइडला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात साधारण २५ असतात. उपासाच्या दिवशी लांब राइड नको, एकादशी असो की 'फास्टेड ट्रेनिंग' नावाचा उपाशीपोटी सराव. आणि सूप हे जेवण नाही.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे. जिममध्ये 'नाडा अप्रूव्ह्ड' प्रोटीन पावडर मिळते. घ्यावी का? दम्याचा पंपही आहे, तो चालतो का?

नाडा ही आपली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, ती कुठल्याही पावडरीला मान्यता देत नाही; 'वाडा' ही जागतिक संस्थाही नाही. डब्यावर तसं लिहिलं असेल तर तेवढंच तो न घ्यायला पुरेसं कारण. भेसळीत बंदी असलेलं काही सापडलं तर जबाबदार तू. विकणारा 'आयुर्वेदिक आहे' म्हणाला होता, हे कुणी ऐकून घेत नाही. दूध, डाळ, अंडी, पनीर यांत भागतं. सॅल्ब्युटॅमॉलचा पंप ठरलेल्या मर्यादेत चालतो, बाकीची औषधं प्रत्येक वेळी तपासावी लागतात. पंप स्वतःहून बंद करू नकोस. डॉक्टरांना तू रेसर आहेस हे सांग. सर्दीच्या गोळीच्या वेळीही सांग.

प्रश्न : मुलाची 'स्पोर्ट्स डीएनए' टेस्ट करावी का?

नाही. मूल चांगला रेसर होईल का, हे त्यातून कळत नाही.

प्रश्न : अकरावीचा क्लास रात्री नऊपर्यंत, राइड पहाटे साडेचारला. बारावीनंतर शिक्षण सोडून पूर्णवेळ सायकलिंग करावं, असं मुलगा म्हणतो.

शिक्षणाचं मी ठरवणार नाही. अनुभवी प्रशिक्षकाशी आणि मुलाशी एकत्र बसून बोला. एवढंच की आपल्याकडे झालेली पुणे ग्रँड टूर २.२ श्रेणीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या उतरंडीत खालच्या पायरीची होती, त्याच्या वर बऱ्याच पायऱ्या आहेत. झोपेचं मात्र मी ठरवते : या वयाला आठ ते दहा तास. तुमच्या वेळापत्रकात सहाही बसत नाहीत. क्लास किंवा पहाट, एक काहीतरी हलवा.

प्रश्न : मुलगा परवा बोपदेव घाटात पडला. हेल्मेटला चीर गेली. संध्याकाळी एकदा उलटी झाली, आता ठीक वाटतो, डोकं थोडं दुखतं. रविवारची रेस करू द्यावी का?

या पालकांना मी पत्र वाचताक्षणी फोन केला. इथे छापते ते बाकीच्यांसाठी. डोक्याला मार आणि उलटी म्हणजे त्याच रात्री हॉस्पिटल. रेस नाही, सरावही नाही. डॉक्टर लेखी परवानगी देतील तेव्हा टप्प्याटप्प्याने. वाढत्या वयात मेंदूला सावरायला मोठ्यांपेक्षा जास्त दिवस लागतात. चीर गेलेलं हेल्मेट फेकून द्या, धाकट्या भावाला देऊ नका.