बेकनची चरबी : तुपाच्या खात्यात धरलीस तर चालेल, तेलाच्या नाही

तुझा प्रश्न मला कळला तो असा. अमेरिकेत नॉक्सव्हिलला शिकायला आलास, रूममेटने शेगडीशेजारी बेकनच्या (डुकराच्या मुरवलेल्या मांसाच्या पट्ट्यांच्या) तव्यात सुटलेल्या चरबीची बरणी ठेवली आहे, गेले दोन महिने तू रोजची अंडी आणि अधूनमधून भाजीही त्यातच करतोयस. आई व्हिडिओ कॉलवर ओरडते. रूममेट म्हणतो, यात ऑलिव्ह ऑइलमधलंच ओलेइक ॲसिड असतं. आणि तुझा स्वतःचा मुद्दा : तूप चालतं, मग हे का नाही?

मी डॉक्टर नाही. नॉर्थ कॅरोलायनात, ॲशव्हिलच्या जवळ बावीस वर्षं संसार केला. तशीच बरणी माझ्याही फ्रीजमध्ये आहे, आणि तिच्यापायी एकदा रक्ताचा रिपोर्ट बिघडवून घेतला आहे. तेवढ्या अधिकारावर लिहिते. (डुक्कर खावं की खाऊ नये हा वाद कृपया इथे नको. विचारणारा खातो, विषय संपला.)

आधी उत्तर देऊन टाकते. चहाचा एक चमचा, आठवड्यातून दोन-तीनदा, भाजीत किंवा कडधान्यात, आणि त्या दिवशी तूप-लोणी-चीज आवरतं घेऊन : खुशाल. रोज सकाळी दोन पळ्या, शिवाय बाजूला बेकनच्या पट्ट्या : आई बरोबर आहे.

आता रूममेटचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे, आणि घोळ त्या अर्ध्या खऱ्यातच आहे. बेकनच्या चरबीत साधारण ४५ टक्के मोनोअनसॅच्युरेटेड फॅट असतं, त्यातलं बहुतेक ओलेइक ॲसिडच. पण त्याबरोबर ३९ टक्क्यांच्या आसपास सॅच्युरेटेडही (जपून खायचं ते) असतं. ऑलिव्ह ऑइलमध्ये सॅच्युरेटेड १४ टक्के. आपल्या शेंगदाणा तेलात ओलेइक जवळपास तितकंच, आणि सॅच्युरेटेड १७-१८ टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तेव्हा ओलेइकसाठीच बेकनची चरबी खायची असेल तर इंडियन स्टोअरमधून शेंगदाणा तेलाची बाटली आण, स्वस्तात काम होईल.

तुपाचा मुद्दा मात्र मला आवडला, कारण तो बिनतोड आहे. तुपात सॅच्युरेटेड फॅट ६० टक्क्यांच्या वर असतं. खोबरेल तेलात तर ८० च्या वर. नुसत्या या आकड्यावर बघितलं तर बेकनची चरबी तुपापेक्षा सौम्यच ठरते. आपल्याकडे तूप म्हटलं की सात्त्विक आणि डुकराची चरबी म्हटलं की शी, पण यकृताला हा भेद कळत नाही. ते सॅच्युरेटेड फॅट बघतं, आणि त्यानुसार एलडीएल (रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल) वाढतं. मग चरबी चालेल असं म्हणायचं का? थांब. आपण तूप खातो कसं ते आठव. वरणभातावर एक धार, पोळीला हात फिरवल्यासारखं, पुरणपोळीवर सणाला. तुपात रोजची भाजी कुणाच्या घरी शिजते? तुपाला आपण मुळात तेलाच्या जागी बसवलेलंच नाही. तू बेकनच्या चरबीला बसवलंयस. गडबड तिथे आहे.

गंमत म्हणजे इथले जुने लोकही तिला तेलाच्या जागी बसवत नव्हते. आमच्या शेजारच्या आजी (आता नाहीत) ॲपलेचियन डोंगरातल्याच. त्यांच्या हातची ‘किल्ड लेटस’ मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा उडालेच. बागेतली कोवळी लेट्यूसची पानं, कांद्याची पात, वर मीठ-साखर-व्हिनेगर आणि शेवटी चर्रर्र करून गरम बेकनची चरबी. पानं जागच्या जागी मरगळतात, म्हणून ते नाव. मी त्यांना म्हटलं, अहो, ही तर आमची कोशिंबीर आणि वरून फोडणी! चार माणसांच्या मोठ्या वाडग्याला दोन टेबलस्पून, त्याहून जास्त नाही. पिंटो बीन्सच्या आख्ख्या भांड्यात एक चमचा. कॉलर्डची पानं (आपल्या कोबीच्याच कुळातली) तासभर शिजवायची, त्यात एक चमचा. कॉर्नब्रेडसाठी बिडाच्या तव्याला पुसून लावायची, की कडा कुरकुरीत होतात. स्वस्तातल्या, कोरड्या, पालेभाजी-कडधान्याच्या जेवणाला चव आणायची ती एक युक्ती होती. आणि खाणारा दिवसभर शेतात राबत असे. तू दिवसभर लॅपटॉपसमोर बसतोस.

त्या आजींच्या आईच्या वेळी ही चरबी स्वयंपाकघरातून सरकारजमाही होत होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकन गृहिणींना आवाहन होतं की तव्यातली चरबी गाळून डब्यात साठवा आणि खाटकाला नेऊन द्या. तिच्यापासून ग्लिसरिन काढत आणि ग्लिसरिनपासून स्फोटकं. बरणी साठवायची सवय बऱ्याच घरांत तेव्हा आणखी पक्की झाली असावी, असं आपलं माझं मत.

मग लोकांनी हिला सोडलं कशासाठी, तर घट्ट केलेल्या वनस्पती तेलासाठी. इथे १९११ मध्ये क्रिस्को आलं, आपल्याकडे १९३७ मध्ये डालडा. स्वच्छ, पांढरं, वास नाही. पुढे कळलं की त्यातलं ट्रान्स फॅट हृदयाला चरबीपेक्षाही वाईट, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) असली अर्धवट हायड्रोजनेट केलेली तेलं अन्नातून काढून टाकायचा निर्णय घेतला. कीटोवाले (भात-पोळी जवळपास बंद, चरबी भरपूर असा आहार घेणारे) हीच गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, बघा, आजीची चरबीच चांगली होती. डालड्यापेक्षा चांगली होती, हो. पण डालड्यापेक्षा चांगलं असणं ही काही फार मोठी पदवी नाही. शेंगदाणा, करडई, कॅनोला यांच्याशी तुलना कर ना. सॅच्युरेटेड फॅट काढून त्या जागी ही तेलं आणली की एलडीएल उतरतं, हे इतक्या वेळा तपासून झालंय की त्यावर वाद घालायला मला आता उत्साह नाही.

माझा रिपोर्ट सांगते. २०१९ मध्ये मी कीटोच्या नादाला लागले. सकाळी अंडी बेकनच्या चरबीत, कॉफीत खोबरेल तेल, रात्री पनीर तुपात. पाच महिन्यांत वजन सहा किलो उतरलं आणि मी सगळ्यांना ज्ञान वाटत सुटले. मग वार्षिक तपासणीत एलडीएल ११८ चं १७१ झालेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, वडिलांना पहिला अटॅक कितव्या वर्षी? मी म्हटलं, ५१. त्यांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा समजलं की अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत ‘दक्षिण आशियाई वंश’ हे चक्क लिहिलेलं आहे. आपल्या लोकांना हे दुखणं लवकर गाठतं. रूममेटला जे पचेल ते तुला पचेलच असं नाही, आणि यात त्याचा दोष नाही आणि तुझाही नाही. मी चरबी बंद केली नाही, चमच्यावर आणली. खोबरेल कॉफीतून हद्दपार केलं (बरं झालं, कॉफी पुन्हा कॉफी झाली). स्वयंपाक शेंगदाणा आणि कॅनोलावर. तीन-साडेतीन महिन्यांनी १२४.

तू घरी एक फोन कर. बाबा, काका, आजोबा यांच्यापैकी कुणाला पंचावन्नच्या आत, किंवा आई, आत्या, आजीला पासष्टच्या आत हृदयाचा त्रास झालाय का ते विचार. झाला असेल तर बरणी रूममेटची रूममेटलाच राहू दे, निदान स्वतःचा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट) हातात येईपर्यंत. विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरमध्ये विचार, विम्यात बसतं का ते सांगतील.

हिशेब तुझ्या न्याहारीचाच करू. अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते सॅच्युरेटेड फॅट एकूण उष्मांकांच्या ६ टक्क्यांखाली ठेवा, म्हणजे २००० कॅलरीला साधारण १३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना जरा सैल, १० टक्के, म्हणजे २२ ग्रॅम. एका टेबलस्पून चरबीत ५ ग्रॅम. दोन अंड्यांत तीनेक. भाजलेल्या बेकनच्या तीन पट्ट्यांत अजून तीन-साडेतीन. सकाळी नऊ वाजता ११ ग्रॅम संपले, आणि अजून दुपारचा पिझ्झा यायचाय. तेच टेबलस्पूनऐवजी चहाचा चमचा घेतलास आणि पट्ट्या गाळल्यास तर पाचाच्या आत बसतं. अंड्याच्या चवीत फरक पडत नाही, करून बघ.

पट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर, बरणीपेक्षा मला काळजी पट्ट्यांची आहे. बरणी भरलीय म्हणजे कुणीतरी बेकन खातंय. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करतं याचा पुरावा पक्का आहे असा गट. तंबाखूही त्याच गटात, म्हणून तेव्हा मथळे आले की बेकन सिगारेटइतकं घातक. तसं नाही. गट पुराव्याच्या पक्केपणाचा असतो, धोक्याच्या आकाराचा नव्हे. त्यांचा आकडा असा, की रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. मूळ धोका लहान, त्याच्यावर १८ टक्के. घाबरून जायचं नाही, पण रोजचं खाणंही नाही.

आणि हे चरबीशी जोडलेलं आहे, म्हणून सांगते. बेकन मुरवताना त्यात नायट्राइट घालतात. तडतडीत आचेवर तळताना त्याची मांसातल्या घटकांशी क्रिया होऊन नायट्रोसामाइन नावाची द्रव्यं तयार होतात, आणि त्यातलं एक मांसापेक्षा सुटलेल्या चरबीत जास्त उतरतं. सत्तरच्या दशकात हे लक्षात आल्यावर इथे नियम झाले : नायट्राइट कमी करायचं आणि बरोबर ‘क जीवनसत्त्वाचं भावंड’ म्हणता येईल असं ॲस्कॉर्बेट घालायचं, म्हणजे ही क्रिया दबते. त्यामुळे आताचं बेकन तेव्हापेक्षा बरं आहे. तरी भाजायची पद्धत आपल्या हातात राहते. थंड तव्यात पट्ट्या ठेवायच्या, मग मंद आच. लोणी कढवताना करतो तसंच, घाई करायची नाही. चरबी सोनेरी निघाली तर ठेवायची, काळपट निघाली, करपल्याचा वास आला, की टाकायची, जीव अडकवायचा नाही. पाकिटावर ‘अनक्युअर्ड’ लिहिलेलं बघून जास्त पैसे मोजू नकोस. त्यात बहुतेक वेळा सेलरीच्या पावडरीतून आलेलं नायट्राइट असतंच, फक्त आडनाव बदललेलं.

मिठाची भीती मात्र तितकीशी नको. मीठ चरबीत विरघळत नाही, ते खालच्या कणांत राहतं. ते कण म्हणजे बेकनची बेरी समज. तुपाची बेरी आपण साखर घालून खातो, ही खायची नाही. फडक्यातून किंवा कॉफीच्या फिल्टरमधून चरबी कोमट असताना गाळ. कण राहिले तर तेच आधी करपतात आणि तेच आधी बिघडतात. आणि बरणी शेगडीशेजारून उचलून फ्रीजमध्ये ठेव. रूममेटच्या आजीने आयुष्यभर बाहेर ठेवली असेल, पण तिच्याकडे आठवड्यात बरणी रिकामी होत होती. फ्रीजमध्ये तीनेक महिने नीट राहते. वास घेऊन बघायचं. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट आला की गेली.

चवीपुरतं म्हणशील तर लसूण आणि सुकी लाल मिरची तिच्यात झकास उतरते. मोहरीच्या पानांची भाजी, चवळी, बटाट्याच्या काचऱ्या, सगळं जमतं. मी एकदा हौसेने जिरं-हिंगाची फोडणी केली होती. हिंग आणि बेकनचा धूर एकमेकांच्या उरावर बसले, घरात दोन दिवस वास. गोव्याची माझी मैत्रीण याला हसते. तिच्या घरी चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) शिजवताना तेलाचा थेंब घालत नाहीत, त्याचीच चरबी सुटते, कांदा त्यातच परततात, आणि पावाबरोबर खाताना कुणी त्याला डाएट म्हणत नाही. रविवारी खायचं ते रविवारी खातात.

जास्तीची चरबी सिंकमध्ये ओतू नकोस. थिजली की पाइप तुंबतो आणि घरमालक डिपॉझिटमधून कापतो. रिकाम्या डब्यात ओतून, घट्ट होऊ दे आणि कचऱ्यात टाक. दर आठवड्याला किती टाकावी लागते ते बघून ठेव, रूममेट आणि तू मिळून बेकन किती खाता त्याचा अंदाज तिथेच येईल.